सात चकत्यांचा मनोरा आणि एक शाळामास्तर

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने विषयाची मोकळीक दिली आहे. सहली, गॅदरिंग आणि छडी यांवर बाकीचे लिहितीलच. मी एका फ्रेंच माणसाबद्दल लिहिणार आहे. ते आपल्या शाळेत कधी आले नाहीत, पण त्यांची एक वस्तू आपल्या शाळेत होती आणि आपल्या १९७८ च्या दहावीतल्या निम्म्या मुलामुलींनी ती हाताळलेली आहे.

गणिताच्या कपाटात, पत्र्याच्या कंपासपेट्यांच्या मागे एक लाकडी पाट होता. त्यावर तीन खुंट्या आणि एका खुंटीवर मोठ्यापासून लहानापर्यंत रचलेल्या सात रंगीत चकत्या. गणिताच्या सरांनी तो मनोरा सावंतवाडीच्या चितारआळीतून स्वतःच्या पैशाने करून आणला होता. ऑफ तास असला की सर तो टेबलावर ठेवत. एका वेळी एकच चकती उचलायची, लहान चकतीवर मोठी ठेवायची नाही आणि सगळा मनोरा दुसऱ्या खुंटीवर न्यायचा. आपल्यातल्या एकीने तो न चुकता हलवला तेव्हा सरांनी चाली मोजायला लावल्या होत्या. १२७ भरल्या. त्यापेक्षा कमी चालींत तो हलत नाही.

त्या दिवशी सरांनी फळ्याच्या कोपऱ्यात सहा आकडे लिहून ठेवले होते: ३, ७, ४७, ४८, १६, ०. ते कशाचे हे सांगितले नाही. तास संपला, फळा पुसला गेला आणि आपण विसरलो.

मला ते आकडे पुन्हा दिसले सात वर्षांनी. एम.एस्सी. करून मी एका कॉलेजात मुलाखत दिली होती. निवड झाली नाही. मग बी.एड. करून एका हायस्कूलमध्ये लागलो आणि पेढे घेऊन सरांकडे गेलो. पेढे देताना माझा चेहरा पेढे देणाऱ्याचा नव्हता. शाळेतला मास्तर म्हणजे दुसऱ्यांनी केलेले गणित मुलांपर्यंत पोहोचवणारा हमाल, अशी माझी तेव्हा समजूत होती आणि ती मी बोलूनही दाखवली. आपण कोणासमोर बोलतो आहोत हे माझ्या लक्षात राहिले नाही. सरांनी वाद घातला नाही. पेढ्यांच्या पुडक्याचा कागद उलटा करून त्यावर तेच सहा आकडे लिहिले आणि ज्यांचे ते आकडे त्या माणसाची हकिगत सांगितली. पुढे मी ती जमेल तिथून वाचून वाढवत गेलो. तीच इथे सांगतो.

त्यांचे नाव एदुआर ल्युका. ते शाळामास्तर होते, म्हणून मी त्यांचा उल्लेख अहोजाहोनेच करणार.

ल्युका यांचा जन्म ४ एप्रिल १८४२ चा, उत्तर फ्रान्समधल्या आमियाँ शहरातला. हुशार म्हणून पॅरिसच्या एकोल नॉर्माल या नामांकित संस्थेत शिकायला मिळाले. पुढे पॅरिसच्या वेधशाळेत साहाय्यकाची नोकरी. तिथे प्रमुख होते ल व्हेरिए, ज्यांनी नुसत्या कागदावरच्या गणिताने नेपच्यून कुठे सापडेल ते सांगितले होते. म्हणजे लांबलचक आकडेमोड न कंटाळता करायची सवय तिथे लागली असणार, असा माझा अंदाज. याच काळात, १८६७ साली, ल्युका यांनी साटीनच्या कापडाची वीण कशी बसवावी याचे अंकगणित लिहिले. ताण्याचा कितवा धागा वर घ्यायचा हा प्रश्न बाकीचा विचार करून सुटतो. हाताने करायच्या गोष्टीत लपलेली संख्या शोधायची, ही त्यांची खोड तेव्हापासूनची.

१८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशियाचे युद्ध पेटले. ल्युका तोफखान्यात अधिकारी होते. फ्रान्स हरला. परत आल्यावर त्यांनी वेधशाळा धरली नाही, मुलाँ नावाच्या लहान गावातल्या लिसेमध्ये म्हणजे सरकारी माध्यमिक शाळेत गणित शिकवायला लागले. तोफखान्याची एक आठवण मात्र १८७५ साली एका कोड्यात उतरली. तोफगोळ्यांची चौरस पायाची रास रचली आहे, वर एक गोळा, त्याखाली चार, त्याखाली नऊ. ती मोडून सगळे गोळे जमिनीवर एका चौरसात मांडायचे आहेत. असे केव्हा जमते? एकाच गोळ्याची क्षुल्लक रास सोडली तर फक्त २४ थरांची रास असताना. तेव्हा ४९०० गोळे होतात आणि ७० बाय ७० चा चौरस बसतो. ल्युका यांचे उत्तर बरोबर होते, पण त्यांनी दिलेल्या सिद्धतेत फट होती. पूर्ण सिद्धता १९१८ साली वॉटसन यांनी दिली. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो, कारण ल्युका यांच्या बाबतीत असे वारंवार झालेले आहे. नजर पुढे धावायची, सिद्धता मागे राहायची. आठवड्याचे तास घेऊन आणि वह्या तपासून उरलेल्या वेळात संशोधन करणाऱ्याचे आणखी काय होणार, असे म्हणून मी त्यांची बाजू घेतो. गणिताच्या दृष्टीने ही सबब चालत नाही हे मला ठाऊक आहे.

आता मूळ संख्येकडे येतो. १ आणि स्वतः याखेरीज जिला कशानेही निःशेष भाग जात नाही ती मूळ संख्या, हे आपण सहावीत घोकले. १३ मूळ आहे, १५ नाही. लहान संख्यांची गोष्ट सोपी, भागून बघायचे. मोठ्या संख्येचे काय करायचे?

सतराव्या शतकात मर्सेन नावाच्या फ्रेंच धर्मगुरूंनी एका खास जातीच्या संख्यांचा पाठलाग केला. २ ला २ ने गुणत जायचे आणि आलेल्या उत्तरातून १ वजा करायचा. ३, ७, १५, ३१, ६३, १२७. मनोऱ्याच्या चाली मोजल्यात तर हेच आकडे येतात: दोन चकत्यांना ३, तीन चकत्यांना ७, सातांना १२७. यातल्या काही मूळ असतात, काही नसतात. २ चा जो घात घेतला तो घातांक स्वतः मूळ नसेल तर संख्या मूळ असूच शकत नाही. पण घातांक मूळ असला तरी खात्री नाही. ११ मूळ आहे, मात्र २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७, आणि ते २३ गुणिले ८९. मर्सेन यांनी १६४४ साली एक यादी जाहीर केली. २५७ पर्यंतच्या घातांकांपैकी २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ एवढ्यांनाच मूळ संख्या मिळते, असे तिच्यात होते. मर्सेन स्वतः हे सगळे तपासू शकले नसणार, हे त्यांच्या काळातल्या लोकांनाही दिसत होते. ३१ ची खात्री पटायला १७७२ साल उजाडले आणि ऑयलर यांच्यासारखा माणूस लागला. ती संख्या २१४,७४,८३,६४७, दहा अंकी. त्यापुढे शंभर वर्षे गाडी तिथेच अडली.

अडणार नाही तर काय? २ चा १२७ वा घात वजा १ ही संख्या लिहून दाखवतो. तीन-तीन अंकांचे गट करतो, म्हणजे वाचता येईल: १७० १४१ १८३ ४६० ४६९ २३१ ७३१ ६८७ ३०३ ७१५ ८८४ १०५ ७२७. एकूण ३९ अंक. भागून बघायचे तर हिच्या वर्गमुळापर्यंत जावे लागेल, आणि वर्गमूळच वीस अंकी आहे. त्यात एक सवलत मिळते: या संख्येला भाग जाणारी मूळ संख्या असलीच, तर तिला २५४ ने भागल्यावर बाकी १ उरलीच पाहिजे. बाकीच्या सोडून देता येतात. तरीसुद्धा सेकंदाला एक भागाकार केला तर सुमारे १६० कोटी वर्षे लागतील.

मुलाँच्या या मास्तरांनी भागाकाराचा रस्ताच सोडला.

त्यांच्या आवडीची एक श्रेणी होती. आधीच्या दोन संख्यांची बेरीज म्हणजे पुढची संख्या: १, १, २, ३, ५, ८, १३. आपल्याकडे छंदशास्त्राच्या अभ्यासकांनी, बाराव्या शतकात हेमचंद्रानेही, मात्रांची मांडणी मोजताना ती ओळखली होती. युरोपात तिला फिबोनाची यांचे नाव मिळाले ते ल्युका यांच्यामुळे. त्याच नियमाने पण १ आणि ३ पासून सुरुवात केली की १, ३, ४, ७, ११, १८, २९, ४७ अशी दुसरी श्रेणी मिळते. तिला आज ल्युका श्रेणी म्हणतात. तिच्यातल्या दुसऱ्या, चौथ्या, आठव्या अशा दुप्पट-दुप्पट जागांवरच्या संख्या पाहा: ३, ७, ४७. प्रत्येकीचा वर्ग करून २ वजा केले की पुढची येते. ३ चा वर्ग ९, वजा २, सात. ७ चा वर्ग ४९, वजा २, सत्तेचाळीस. म्हणजे मधल्या पायऱ्या न चढता एकेका उडीत दुप्पट अंतर कापता येते.

सरांचे सहा आकडे इथून आले. १२७ मूळ आहे का ते भागाकार न करता पाहायचे. ३ घ्या. मग ७, मग ४७. ४७ चा वर्ग वजा २ म्हणजे २२०७. ही १२७ पेक्षा मोठी झाली, म्हणून १२७ ने भागून फक्त बाकी ठेवा: ४८. तिचा वर्ग वजा २ म्हणजे २३०२, बाकी १६. तिचा वर्ग वजा २ म्हणजे २५४, ती १२७ ची बरोबर दुप्पट. बाकी शून्य. १२७ चा घातांक ७, त्याहून एक कमी म्हणजे सहाव्या जागी शून्य आले, म्हणून १२७ मूळ. हेच २०४७ वर करून बघा. घातांक ११, म्हणून दहावी जागा पाहायची. तिथे १०३४ उरतात. शून्य नाही, म्हणून २०४७ मूळ नाही. २३ आणि ८९ कुठे आलेच नाहीत. वर्गात करून घेण्यासारखा हा हिशोब आहे, दोन फळे पुरतात.

३ पासून सुरुवात करायची ही रीत ४ ने भागल्यावर ३ उरणाऱ्या मूळ घातांकांना चालते. १२७ हा त्यातलाच. ३९ अंकी संख्येसाठी १२५ वेळा वर्ग करायचा आणि १२६ व्या जागी शून्य येते का पाहायचे. १६० कोटी वर्षांचे काम एका माणसाच्या आवाक्यात आले. १८७६ च्या सुरुवातीला पॅरिसच्या विज्ञान अकादमीच्या इतिवृत्तात ल्युका यांनी जाहीर केले की २ चा १२७ वा घात वजा १ ही मूळ संख्या आहे.

ही आकडेमोड सोपी करण्यासाठी त्यांनी सुचवलेली युक्ती वाचून मी उठून येरझाऱ्या घातल्या होत्या. संख्या द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून लिहायची. तशी लिहिली की आपली ३९ अंकी संख्या म्हणजे ओळीने १२७ एके. मग १२७ बाय १२७ घरांचा बुद्धिबळासारखा पट घ्यायचा. प्यादे असेल तिथे १, नसेल तिथे ०. गुणाकाराची प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे सरकते. जे प्यादे डाव्या कडेवरून बाहेर पडेल ते उजव्या कडेने पुन्हा आत घ्यायचे. घड्याळात बारानंतर पुन्हा एक वाजतो, तसेच. कारण २ च्या १२७ व्या घाताला आपल्या संख्येने भागले की बाकी १ च उरते. भागाकार असा करावाच लागत नाही, तो प्याद्यांच्या सरकण्यात आपोआप होतो. शेवटी एका घरात दोन प्यादी जमली की दोन्ही उचलून शेजारच्या घरात एक ठेवायचे. पट, सोंगट्या आणि नियम: शाळेच्या पोराला खेळ वाटावा असे हे यंत्र आहे. यंत्रे आली तेव्हा ती याच ० आणि १ वर चालली.

त्याच सुमारास मर्सेन यांच्या यादीतल्या ६७ या घातांकाची संख्या मूळ नाही, असेही ल्युका यांनी दाखवले. पण तिला कशाने भाग जातो? ते त्यांना सांगता येत नव्हते, आणि त्यांच्या रीतीत ते सांगावे लागतही नव्हते. मला या सगळ्या हकिगतीत सर्वांत जास्त हे आवडते. संख्या फुटते हे पक्के, तुकडे मात्र कोणी पाहिलेले नाहीत. तब्बल सत्तावीस वर्षे जगाची हीच स्थिती होती. १९०३ साली न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन गणितज्ञांच्या सभेत कोल नावाचे प्राध्यापक फळ्यापाशी गेले. एका बाजूला त्यांनी २ चा ६७ वा घात काढून १ वजा केला, दुसऱ्या बाजूला १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७ यांचा गुणाकार केला. दोन्ही उत्तरे सारखी आली आणि ते एक शब्दही न बोलता जागेवर जाऊन बसले, असे सांगतात. टाळ्या झाल्या. टाळ्यांतला काही हिस्सा ल्युका यांचा होता, पण ते तेव्हा हयात नव्हते.

ल्युका मुलाँहून पॅरिसला आले ते शाळेतच. लिसे साँ-लुई आणि लिसे शार्लमान्य या तिथल्या मोठ्या शाळा, विद्यापीठांची आणि तंत्रशाळांची दारे ठोठावणारी मुले तिथे शिकत. १८७८ साली त्यांचा या श्रेण्यांवरचा मोठा निबंध अमेरिकेतल्या नव्याने निघालेल्या गणिताच्या नियतकालिकात, पहिल्याच वर्षी छापून आला. तरी विद्यापीठातले अध्यासन मिळाले नाही. ते शेवटपर्यंत शाळेतच शिकवत राहिले आणि जोडीला गणिताचे खेळ लिहीत राहिले. रंजक गणिताची त्यांची पुस्तके चार खंडांत निघाली, त्यातले शेवटचे दोन त्यांच्या मागे. मागच्या बाकावर बसून वहीच्या शेवटच्या पानावर ठिपके जोडून चौकोन करायचा खेळ आपण सगळेच खेळलो आहोत. तो छापून जगापुढे मांडला तो यांनीच. आपल्यातल्या ज्यांनी त्यापायी मार खाल्ला, त्यांनी नोंद घ्यावी.

आणि १८८३ मध्ये पॅरिसच्या दुकानांत एका खोक्यातला खेळ विकायला आला. तीन खुंट्या आणि चकत्या. नाव हनोईचा मनोरा. खोक्यावर ल्युका यांचे नाव नव्हते. सयामच्या एन. क्लॉस नावाच्या, ली-सू-स्तियान विद्यालयातल्या कोणा पंडिताने तो आणला, असे छापले होते. फ्रेंच अक्षरे उलटसुलट केली की सयामचे एन. क्लॉस म्हणजे आमियाँचे ल्युका, आणि ली-सू-स्तियान म्हणजे त्यांची शाळा साँ-लुई! सोबतच्या कागदावर काशीची गोष्ट होती. तिथल्या देवळात गोवळकोंड्याचे हिरे जडवलेल्या सोन्याच्या ६४ चकत्यांचा ब्रह्मदेवाचा मनोरा आहे आणि पुजारी रात्रंदिवस तो हलवत आहेत, वगैरे. काशीला जाऊन आलेल्या कोणालाही असा मनोरा दिसलेला नाही. गोष्ट बनवलेली आहे, हिशोब मात्र खरा. ६४ चकत्यांना २ चा ६४ वा घात वजा १ एवढ्या चाली लागतात, सेकंदाला एक म्हटली तर सुमारे ५८ हजार कोटी वर्षे.

सरांनी मला त्या दिवशी विचारले होते, १२७ चकत्या असत्या तर? मी कागदावर मांडू लागलो आणि थांबलो. उत्तर म्हणजे ल्युका यांची ती ३९ अंकी मूळ संख्याच. मनोऱ्याला तितक्याच चाली लागतात, एक कमी नाही की जास्त नाही. ज्या संख्येने त्यांचे नाव झाले, तीच त्यांनी सात वर्षांनी खेळण्यात घालून मुलांच्या हाती दिली होती.

कातालान नावाच्या बेल्जियममधल्या गणितज्ञांना यातली एक साखळी लगेच दिसली. दोन चकत्यांच्या ३ चाली, ३ मूळ. तीन चकत्यांच्या ७, मूळ. सात चकत्यांच्या १२७, मूळ. १२७ चकत्यांच्या चाली म्हणजे ल्युका यांची संख्या, मूळ. आता तेवढ्या चकत्यांचा मनोरा घेतला तर त्याच्या चालींची संख्या मूळ असेल का? हा प्रश्न १८७६ पासून तसाच उभा आहे. ल्युका यांच्या रीतीने तपासायचे तर वर्ग करण्याच्या पायऱ्याच ३९ अंकी होतील. आजचे कोणतेही यंत्र त्याला पुरे पडत नाही.

१८९१ साली संख्याशास्त्रावरील त्यांच्या ग्रंथाचा पहिला खंड बाहेर आला. त्याच वर्षी विज्ञानाच्या प्रसारासाठी स्थापन झालेल्या फ्रेंच संस्थेचे वार्षिक अधिवेशन मार्सेयला होते. तिथल्या मेजवानीत वाढप्याच्या हातून चिनी मातीची भांडी पडली. एक तुकडा उडून ल्युका यांच्या गालाला लागला. जखम चिघळली, अंगात विष भिनले आणि काही दिवसांत, ३ ऑक्टोबर १८९१ रोजी ते गेले. वय ४९. पेनिसिलिन यायला अजून बराच अवकाश होता. संख्याशास्त्राचा दुसरा खंड झालाच नाही.

मागे राहिलेल्या फटी इतरांनी बुजवल्या. १९१३ साली अमेरिकेतल्या कारमायकल यांनी त्यांच्या प्रमेयांतल्या चुका दुरुस्त केल्या. १९३० साली डेरिक लेहमर यांनी ३ च्या जागी ४ घेऊन सुरुवात केली, तेव्हा सगळ्या विषम मूळ घातांकांना चालणारी एकच स्वच्छ रीत मिळाली. आज तिला ल्युका-लेहमर कसोटी म्हणतात. मर्सेन यांच्या यादीचा निकालही लागला: ६७ आणि २५७ चुकीचे निघाले, ६१, ८९ आणि १०७ राहून गेले होते. १२७ टिकला.

ती ३९ अंकी संख्या माणसाला माहीत असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या म्हणून ७५ वर्षे टिकून होती. दोन महायुद्धे होऊन गेली तरी तिच्यावर कोणी गेले नाही. १९५१ मध्ये आधी फेरिए नावाच्या फ्रेंच गृहस्थांनी हिशोबाच्या टेबली यंत्रावर ४४ अंकी संख्या सिद्ध केली. लगोलग केंब्रिजच्या एडसॅक या संगणकावर ७९ अंकी सापडली. ती बनवली कशी होती पाहा: ल्युका यांच्या संख्येचा वर्ग, गुणिले १८०, अधिक १. म्हणजे त्यांना मागे टाकायलाही त्यांच्याच खांद्यावर उभे राहावे लागले. त्यानंतर आकडे धावतच सुटले. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली मूळ संख्या ४,१०,२४,३२० अंकी आहे, २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १. तिच्यावरचा शेवटचा शिक्का ल्युका-लेहमर कसोटीनेच मारला. वर्ग करा, २ वजा करा, बाकी ठेवा. यंत्राशिवाय, नुसत्या हाताने सिद्ध केलेल्या मूळ संख्यांत मात्र सर्वांत मोठी अजूनही १८७६ ची तीच आहे.

पेढ्यांचा तो कागद माझ्याकडे आहे, तेलाच्या डागांसकट. पस्तीस वर्षांच्या नोकरीत दरवर्षी नववीच्या वर्गात मी ते सहा आकडे फळ्यावर लिहिले. पहिल्या दिवशी सांगत नसे. दर तीन-चार वर्षांनी एखादी मुलगी किंवा मुलगा दुसऱ्या दिवशी वही घेऊन स्टाफरूमच्या दाराशी उभा राही. सर २००३ साली गेले. त्यांना मी हे सांगितले होते की नाही, आता नक्की आठवत नाही. सांगितले असावे.

गेल्या दिवाळीत शाळेत गेलो तेव्हा शिपाईमामांनी कपाट उघडून दिले. पाट आहे, खुंट्या आहेत, चकत्यांचा रंग पुष्कळसा उडाला आहे. सर्वांत लहान, पिवळी चकती नाही. सहा चकत्यांचा मनोरा ६३ चालींत संपतो, आणि ६३ ला ७ ने आणि ९ ने भाग जातो, म्हणजे सगळाच घोटाळा. सावंतवाडीला जाऊन नवी पिवळी चकती करून आणली आहे. मेळाव्याच्या दिवशी जेवणानंतर दहावी अ च्या वर्गात टेबलावर मनोरा ठेवतो. न चुकता हलवला तर पाच मिनिटे पुरतात. चाली मोजायला कोणीतरी शेजारी बसा.